टेकडीपलीकडचा ग्राहक : बिनतारी इंटरनेट आणि रिपीटर
(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रारंभीच एक कबुली दिलेली बरी. मी अभियंता नाही. कला शाखेचा पदवीधर आहे, आणि पक्षाची कागदपत्रे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणे हे माझे रोजचे काम आहे. तेव्हा बिनतारी संदेशवहनासारख्या विषयावर मी उभा राहावे याचे आपल्याला नवल वाटेल. कारण साधे आहे. मागच्या अभ्यासवर्गात डिजिटल सेवांविषयीचे एक टिपण मी मराठीत आणून वाचले. चर्चेच्या वेळी डोंगराळ भागातून आलेल्या एका कॉम्रेडने उभे राहून विचारले, "ग्रामपंचायतीच्या कचेरीत फायबरची केबल येऊन पोचली आहे. आमचा पाडा तिथून चार किलोमीटरांवर आहे आणि मध्ये एक टेकडी आहे. ते इंटरनेट टेकडी ओलांडून आमच्याकडे यावे यासाठी नेमके काय करावे लागते?" टिपणात याचे उत्तर नव्हते. आमच्यापैकी कोणाजवळच नव्हते. आम्ही धोरणावर तासभर बोलू शकत होतो; टेकडीवर काय उभारायचे, हे सांगू शकत नव्हतो. त्यानंतरच्या काळात जे वाचले, जाणकारांना विचारून जे समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

हा प्रश्न चैनीचा राहिलेला नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्रे काढून मोबाइलवरील ॲपद्वारे पाठवण्याची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून सर्वत्र लागू करण्यात आली. ज्या ठिकाणी नेटवर्क नाही तेथे हजेरी चढत नाही, आणि हजेरी चढली नाही की मजुरी अडते. रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र तेच करते. २०२० च्या टाळेबंदीत मुले वर्गासाठी टेकड्या आणि पाण्याच्या टाक्या कशी चढत होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. फायबर गावापर्यंत नेण्याची राष्ट्रीय योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले, आणि सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती हे तिचे उद्दिष्ट ठरले. परंतु ग्रामपंचायत म्हणजे गाव नव्हे. पंचायतीची कचेरी मुख्य गावठाणात असते. पाडे, वाड्या, तांडे त्याभोवती दूरवर विखुरलेले असतात. केबल जेथे संपते तेथून पुढचे हे अंतर कोणी व कसे ओलांडायचे, हा आजचा विषय.

यासाठी जे साधन वापरतात त्याला इंग्रजीवरून आपण रिपीटर म्हणतो. मराठीत याच्यासाठी एक जुना आणि नेमका शब्द आहे, तो आकाशवाणीने रूढ केला : सहक्षेपण. दिल्लीच्या बातम्या मुंबई केंद्रावरून 'सहक्षेपित' होत. दूरदर्शनच्या बाबतीत तर याचे डोळ्यांना दिसणारे उदाहरण महाराष्ट्रात आहे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागले. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये सह्याद्री आडवा पडला आहे. मुंबईतला प्रक्षेपक कितीही जोराने ओरडला असता तरी पुण्याच्या घरांतून चित्र उमटले नसते. ज्या उंच जागेवर मुंबईचा संदेश घेता येतो आणि जिच्या पायथ्याशी पुणे पसरले आहे, अशी जागा शोधावी लागली. इंटरनेटचा रिपीटर याहून निराळे काही करत नाही. फरक एवढाच की दूरचित्रवाणीत संदेश एकाच दिशेने वाहतो. इंटरनेटमध्ये पाड्यावरच्या माणसाचे म्हणणेही त्याच वाटेने परत यावे लागते. सगळी गुंतागुंत या परतीच्या वाटेमुळे होते.

आता अंतराविषयी एक गैरसमज दूर करू. आपल्याला वाटते की दूरवर पोचायचे तर शक्ती वाढवावी. अंतर दुप्पट झाले की पोचणारी शक्ती एक चतुर्थांश होते, हे खरे. पण मोकळ्या अवकाशात ही घट सोसण्यासारखी असते, कारण ताटलीच्या आकाराचा अँटेना शक्ती चहूकडे न उधळता एकाच दिशेला एकवटतो. व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये साध्या वाय-फाय उपकरणांनी २७९ किलोमीटरांचा दुवा जोडला आणि २००७ मध्ये ३८२ किलोमीटरांचा. मुंबईहून सोलापूर सरळ रेषेत साधारण तेवढेच आहे. हे त्यांना जमले, कारण दोन्ही टोके पर्वतांवर होती आणि मध्ये काहीही आडवे येत नव्हते. याच्या उलट, पंचायतीच्या कचेरीतला राउटर शंभर पावलांवरच्या विहिरीपाशीही पोचत नाही, कारण मध्ये दोन भिंती आणि एक चिंचेचे झाड असते. दूरचा ग्राहक म्हणजे फार अंतरावरचा ग्राहक नव्हे. ज्याच्याकडे थेट पाहता येत नाही तो दूरचा.

आणि 'पाहता येणे' याचाही अर्थ थोडा विस्ताराने घ्यावा लागतो. दोन अँटेना दुर्बिणीतून एकमेकांना दिसले म्हणजे झाले, असे नाही. लहरी सुतासारख्या सरळ रेषेत जात नाहीत; त्यांना मध्यभागी फुगलेल्या काकडीच्या आकाराची जागा लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांच्या नावाने ती ओळखली जाते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींसाठी चार किलोमीटरांच्या दुव्यात या काकडीची मधली त्रिज्या ११ मीटर भरते, आणि तिच्यातील निदान साठ टक्के भाग, म्हणजे रेषेभोवती सुमारे ७ मीटर, मोकळा असावा लागतो. दहा किलोमीटरांना ही त्रिज्या जवळजवळ १८ मीटर होते. पाहणी उन्हाळ्यात केली तर सागाची पाने गळालेली असतात, सगळे मोकळे दिसते, दुवा उत्तम चालतो. आषाढात सागाला पाने फुटतात, ती पावसाने चिंब होतात, आणि दुवा बसतो. मग लोक पावसाला दोष देतात. वस्तुतः या लहरींना पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत. ओली पाने अडवतात. म्हणून पाहणी करणाऱ्याने झाड आज किती उंच आहे हे पाहून भागत नाही. ते पावसाळ्यात कसे असेल आणि तीन वर्षांनी किती वाढेल, हेही गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे.

आता रिपीटर स्वतः कसे काम करतो ते पाहू. येथे मला माझ्याच धंद्याचा आधार घेऊ द्या.

एका भाषेतील भाषण दुसऱ्या भाषेत सांगण्याचे दोन प्रकार आपण बैठकांतून पाहता. पहिल्यात वक्ता दोन वाक्ये बोलून थांबतो, दुभाषा ती सांगतो, वक्ता पुन्हा सुरू करतो. एकाच ध्वनिक्षेपकावर दोघांनी आळीपाळीने बोलायचे असल्यामुळे तासाभराच्या भाषणाला दोन तास लागतात. दुसऱ्या प्रकारात दुभाषा काचेच्या खोलीत बसतो, एका वाहिनीवर ऐकतो, दुसऱ्या वाहिनीवर बोलतो, आणि वेळ वाया जात नाही. बाजारात मिळणारा स्वस्त रिपीटर हा पहिल्या प्रकारचा दुभाषा होय. त्याच्याजवळ एकच रेडिओ असतो. ऐकताना तो बोलू शकत नाही आणि बोलताना ऐकू शकत नाही. परिणामी त्याच्यापलीकडच्या ग्राहकाला मूळ वेगाच्या निम्माच वेग मिळतो. अशा दोन रिपीटरांची साखळी केली की वाटा आणखी घटून एक तृतीयांशावर किंवा त्याहूनही खाली येतो. टेकडीवर बसवायचे साधन दुसऱ्या प्रकारचे असावे : दोन स्वतंत्र रेडिओ, एकाचा अँटेना पंचायतीकडे, दुसऱ्याचा पाड्याकडे, दोघांच्या वाहिन्या निराळ्या, आणि दोघांमध्ये हातभर तार. खर्च वाढतो, परंतु पलीकडच्या माणसाला निम्मे इंटरनेट देऊन पूर्ण दिल्याचे समाधान मानण्यापेक्षा हे बरे.

दुभाषाचा आणखी एक गुण येथे लागतो. नुसता आवाज मोठा करणारे यंत्र मूळ आवाजाबरोबर त्यातला खरखराटही मोठा करते. चांगला रिपीटर तसे करत नाही. तो आलेला संदेश समजून घेतो, त्यातील चुका तपासतो आणि नव्याने, स्वच्छ अक्षरात लिहून पुढे धाडतो. मात्र त्यासाठी त्याला मूळ संदेश नीट ऐकू आला पाहिजे. जेथे ऐकूच येत नाही तेथे दुभाषा उभा करून उपयोग काय? ही चूक मी स्वतः केली आहे. ज्या इमारतीत मी राहत असे तिच्या टोकाच्या खोलीत वाय-फाय पोचत नव्हते, म्हणून मी रिपीटर आणला आणि त्याच खोलीत लावला. त्याचा दिवा हिरवागार पेटला, मोबाइलवर पाचही रेघा उमटल्या, आणि एकही पान उघडेना. त्या रेघा माझ्या आणि रिपीटरच्या मैत्रीच्या होत्या. रिपीटरचे मागे कोणाशी बोलणे होत आहे की नाही, ते त्या सांगत नव्हत्या. एका विद्यार्थ्याने तो काढून जिन्यावर, अर्ध्या वाटेवर लावला, तेव्हा काम झाले.

एक अडचण मात्र अशी आहे की ती रिपीटर लावल्यावरच उद्भवते. पाड्यावरचे सर्व ग्राहक टेकडीवरच्या अँटेनाला पाहू शकतात, पण एकमेकांना पाहू शकत नाहीत. वाय-फायचा मूळ नियम सभ्य गृहस्थाचा आहे : बोलण्यापूर्वी कान द्यावा, दुसरा कोणी बोलत असेल तर थांबावे. एका खोलीत तो चालतो. परंतु ओढ्याच्या अलीकडच्या घराला पलीकडच्या घराचे बोलणे ऐकू येत नाही, दोघांनाही शांतता वाटते, दोघेही एकदमच बोलू लागतात, आणि टेकडीवर नुसता कालवा पोचतो. आपल्या मोठ्या अधिवेशनांत मागच्या बाकांवरून हे घडताना आपण ऐकतोच. उपायही तोच, जो तेथे अध्यक्ष करतात : नावे पुकारून एकेकाला वेळ नेमून देणे. दूर पल्ल्याची उपकरणे अशा पाळीच्या पद्धतीने चालवता येतात. ती सोय नसलेली उपकरणे स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नयेत.

इतका वेळ मी तत्त्वे सांगितली. प्रत्यक्षात हे सर्व कसे उतरते, याचा सर्वात प्रामाणिक वृत्तांत मला तमिळनाडूतल्या थेनीचा वाटला. तेथील अरविंद नेत्ररुग्णालयाला आसपासच्या गावांतील लहान दृष्टिकेंद्रे जोडायची होती. कल्पना अशी की केंद्रात प्रशिक्षित कर्मचारी रुग्णाचे डोळे तपासील आणि थेनीतले डॉक्टर पडद्यावर रुग्णाला पाहून, त्याच्याशी बोलून सल्ला देतील. म्हाताऱ्या माणसाचा दिवसाचा रोज आणि बसभाडे वाचते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील एरिक ब्रूअर यांच्या गटाने रुग्णालयाबरोबर हे जाळे विणले आणि २००७ व २००८ मध्ये त्याविषयी सविस्तर लिहिले. सुरुवातीच्या जाळ्यात अकरा राउटर होते. त्यांतील सहा टोकांवर, म्हणजे रुग्णालयात आणि पाच केंद्रांत, आणि उरलेले पाच निव्वळ मधले, संदेश पुढे ढकलणारे. जवळजवळ निम्मी उपकरणे कोणाच्याही घरी नव्हती. ती फक्त वाटेसाठी होती. दुवे एक किलोमीटरापासून पंधरा किलोमीटरांपर्यंतचे. काही अँटेना २४ ते ४२ मीटर उंचीच्या मनोऱ्यांवर, तर बाकीचे छपरांवरच्या खांबांवर किंवा आयत्या उंच जागी. अशा आयत्या जागांपैकी एक होती कापडाच्या कारखान्याच्या आवारातल्या वीजघराची चिमणी. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटेल, ते मी निराळे सांगत नाही.

तेथे त्यांना प्रथम वाय-फायचा मूळ नियमच बदलावा लागला. वाय-फायमध्ये पाठवणारा प्रत्येक संदेशानंतर पोचपावतीची वाट पाहतो. ती ठरावीक वेळात आली नाही तर संदेश हरवला असे समजून पुन्हा पाठवतो. प्रकाशाच्या वेगानेही पंधरा किलोमीटर जाऊन परत यायला १०० मायक्रोसेकंद लागतात, आणि घरगुती उपकरणाचा धीर त्याआधीच सुटतो. पावती वाटेतच असते, आणि हा बापडा तेच पत्र पुन्हा लिहीत बसतो. या गटाने पावत्यांची आणि बोलण्याच्या पाळ्यांची पद्धत नव्याने रचली, तेव्हा दुवे चालू लागले.

पण त्यांच्या लिखाणातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग याच्या पुढचा आहे. जाळे सुरू झाले आणि बंद पडू लागले. दोष शोधताना आढळले की नव्वद टक्क्यांहून अधिक घटनांच्या मुळाशी लहरी, अँटेना वा संगणक यांपैकी काहीच नव्हते. होती ती ग्रामीण वीज. येते-जाते एवढेच तिचे दुखणे नव्हते. तिच्यात १००० व्होल्टपर्यंतचे झटके मोजले गेले. दाब फार खाली घसरला की राउटर पूर्ण बंदही पडत नसे आणि चालतही नसे; अर्धमेला होऊन तसाच राही, आणि मनोऱ्यापर्यंत जाऊन कोणीतरी तो बंद करून पुन्हा सुरू करीपर्यंत पलीकडची केंद्रे अंधारात. त्यांनी शोधलेला उपाय साधा होता : दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की उपकरणाला विजेपासून सरळ तोडणारे एक लहानसे मंडल. धड जिवंत असावे नाहीतर धड मेलेले. शिवाय सौर पट्ट्या आणि बॅटऱ्या, त्यांनाही झटक्यांपासून वाचवणारे नियंत्रक.

आपल्या टेकडीचा हिशेब यावरून करता येतो. दोन रेडिओ मिळून १५ वॉट धरले तर दिवसाला ३६० वॉट-तास लागतात. पावसाळ्यात तीन दिवस सूर्य दिसणार नाही असे समजा. १०८० वॉट-तास साठवावे लागतील, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीत ९० अँपिअर-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते, म्हणून घ्यायची १८० अँपिअर-तासांची. पट्टी साधारण २०० ते २५० वॉटची. या सामानापुढे खुद्द रेडिओची किंमत मामुली ठरते. अंदाजपत्रकात मात्र रेडिओ ठळक अक्षरांत असतो आणि बॅटरी 'इतर खर्चा'त. दोनतीन वर्षांनी बॅटरी मरते, तोवर अनुदान संपलेले असते, आणि टेकडीवर लोखंडी खांब तेवढा उरतो.

नेपाळमध्ये निराळा धडा मिळतो. म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी या डोंगरी गावातले शिक्षक महाबीर पुन यांनी २००२ च्या सुमारास स्वयंसेवकांच्या मदतीने शेजारच्या गावाशी पहिला दुवा जोडला. पोखरा हे शहर तेथून सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटरांवर, पण मध्ये डोंगर. त्यामुळे उंच कड्यावर सहक्षेपण केंद्र करावे लागले. पैसे नसल्याने सुरुवातीचे काही अँटेना झाडांवर बांधले होते, टीव्हीच्या जुन्या तबकड्यांपासून बनवलेले. हा सर्व उद्योग बेकायदा होता. देशात सशस्त्र संघर्षाचा काळ. बिनतारी साधने आणण्यावर आणि वापरण्यावर बंदी. साधने स्वयंसेवकांच्या सामानातून लपूनछपून आली. २००६ मध्ये राजवट बदलल्यानंतर हे लहरीपट्टे परवानामुक्त झाले, २००७ मध्ये पुन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या वाटेने गावातील दवाखाने काठमांडूच्या मॉडेल रुग्णालयातील डॉक्टरांशी बोलू लागले. तंत्र २००२ मध्येही तेच होते आणि २००६ मध्येही तेच. बदलला तो कायदा.

आपल्याकडील कायदाही म्हणून माहीत असावा. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेर वापरण्यासाठी परवान्यातून मुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये, आणि पाच गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये. या मर्यादेत, ठरवून दिलेल्या शक्तीइतका रिपीटर कोणालाही लावता येतो. मात्र मोबाइलचा सिग्नल वाढवणारा 'बूस्टर' ही पूर्णपणे निराळी वस्तू आहे. तो कंपनीला दिलेल्या लहरींवर चालतो, खाजगी माणसाने तो लावणे गुन्हा आहे, आणि चुकीचा लावला तर तो आसपासच्या सर्व मोबाइलधारकांचे संभाषण बिघडवतो. बाजारात दोन्हींना 'रिपीटर' म्हणूनच विकतात. आपल्या कार्यकर्त्यांनी एकाच्या जागी दुसरा आणू नये. आणखी असे की लहरी मोफत असल्या तरी इंटरनेट लोकांना विकणे ही परवान्याची बाब आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत लहान दुकानदाराला किंवा संस्थेला वेगळ्या परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय चालवता येते. पाड्याच्या दृष्टीने ही वाट तपासून पाहण्याजोगी आहे.

महाराष्ट्रातला एक प्रयोग सांगायला हवा. मुंबई आयआयटीतील अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाने पालघर जिल्ह्यात प्रथम सात गावांत दूरचित्रवाणीचा रिकामा पडलेला लहरीपट्टा प्रायोगिक परवान्याने वापरून पाहिला. ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या या लहरी लांब असतात आणि झाडोऱ्यातून अधिक सहज जातात, त्यामुळे दर वाकणावर रिपीटर लागत नाही. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पहिले पारितोषिक मिळाले. वाय-फायसारखा हा पट्टा सर्वांसाठी खुला करण्याची मागणी त्यातूनच पुढे येते, आणि ती रास्त आहे.

आता राहिला मालकीचा प्रश्न. आपल्याला तो सर्वप्रथम सुचतो, म्हणून मी तो मुद्दाम मागे ठेवला. स्पेनमधील कातालोनियात गुर्ब या गावाच्या परिसरात २००४ मध्ये 'गुइफी' नावाचे जाळे सुरू झाले. कंपन्यांना विरळ वस्तीत फायदा दिसत नव्हता, म्हणून शेतकऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी आपापल्या छपरांवर अँटेना बसवले. अट अशी की ज्याच्या छपरावरून वाट जाते त्याने पुढच्याचा संदेश अडवायचा नाही, आणि जोडून घेणाऱ्यानेही आपल्या पुढच्याला वाट द्यायची. येथे प्रत्येक ग्राहकच कोणाचा तरी रिपीटर होतो. २००८ मध्ये त्यासाठी प्रतिष्ठान स्थापन झाले आणि पुढे हे जाळे पस्तीस हजारांहून अधिक केंद्रांपर्यंत वाढले. हे ऐकून आपण हुरळून जाऊ नये. तेथे वीज खात्रीची आहे आणि अँटेना घेण्याइतका पैसा शेतकऱ्याजवळ आहे. परंतु वाट न अडवण्याची अट घ्यायला पैसा लागत नाही. ज्याच्या शेतात टेकडी आहे तो पाड्याचा संदेश उद्या अडवू शकतो. भांडण झाले की बॅटरीची तार काढून ठेवू शकतो. ज्यांनी पाण्याच्या पाटावरून झालेले तंटे पाहिले आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

तर त्या कॉम्रेडच्या टेकडीचे काय करायचे? माझ्या समजुतीप्रमाणे असे. प्रथम पंचायतीच्या कचेरीत जाऊन खात्री करून घ्यावी की आलेल्या केबलमधून खरोखरच इंटरनेट वाहते आहे; पेटीला कुलूप लावलेली आणि कधीच चालू न झालेली केबल असेल तर रिपीटर काय पुढे पाठवणार? मग टेकडीवर अशी जागा शोधावी जेथून कचेरीचे छप्पर आणि पाड्यावरची शाळा ही दोन्ही दिसतात. एकच जागा दोन्हींकडे पाहत नसेल तर दोन जागा, आणि खर्च दुप्पट. ती जमीन कोणाची, वनखात्याची की खातेदाराची, हे सातबाऱ्यावरून पाहावे आणि जाण्यायेण्याची लेखी परवानगी घ्यावी. दोन रेडिओंचे साधन, सौर पट्टी, वर सांगितलेली बॅटरी, दाब पडला की तोडणारे मंडल, वीज पडण्यापासून बचावासाठी जमिनीत पुरलेली पट्टी. पाड्यातल्या दोन तरुणांना, आणि मी म्हणेन की त्यांत निदान एक मुलगी असावी, जोडणी करताना पहिल्या दिवसापासून बरोबर ठेवावे. मुलगे बहुधा हंगामाला स्थलांतर करतात आणि राउटर ऐन जानेवारीत बसतो. आणि ग्रामसभेच्या ठरावात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : बॅटरी बदलण्याचे पैसे दरवर्षी कोणत्या निधीतून बाजूला पडणार, आणि टेकडीवरच्या पेटीची किल्ली कोणाकडे राहणार.

प्रश्न असतील तर आता विचारावेत. मागच्या वेळी ज्यांनी विचारले होते ते कॉम्रेडही आज आले आहेत. टेकडीची उंची त्यांनी मोजून आणली आहे असे मला चहाच्या वेळी समजले. तेव्हा सुरुवात त्यांच्यापासूनच करू.